बर्फावर उभा ट्रक

उत्तर मॅनिटोबा, फेब्रुवारी

प्रिय आई,

मी मजेत आहे, तू विणलेले मोजे घातलेत. आपली कुत्री व्याली का?

गोठलेल्या सरोवरावर भरलेला ट्रक हळू हाकावा लागतो, नाहीतर बर्फ फुटतो. पण मग धुराचा फिल्टर तापत नाही, काजळीनं तुंबतो. माझा तुंबला आणि ट्रक पुढे सरकेना. अशा वेळी उभ्यानंच चाळीस मिनिटं इंजिन तापवून काजळी जाळावी लागते, तेच करतोय.

"किनाऱ्यावरच का नाही जाळलीस, गाढवा?" पुढे गेलेला इसिडोरकाका रेडिओवर ओरडला. "बर्फावर भरली गाडी उभी करतात?"

कंटाळा केला गं.

बर्फ कडकडत असला की काळजी नसते. मघापर्यंत इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता, आता गप्प झालाय. काजळी जळायला अजून दहा मिनिटं आहेत.

वेळ आली तर उडी मारता यावी म्हणून दार उघडं ठेवून लिहितोय, थंडीनं अक्षर थरथरतंय. दुसरं काही नाही.

तुझाच,
रेमी