सुतळी, लेस, नाडी आणि आमचे सर

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? काकांचा खोकला आणि राग, दोन्ही आटोक्यात ना? (एक वाढला की दुसरा वाढतो, म्हणून एकदमच विचारते.) मी मजेत. मजेत कसली, हवेत आहे!

शब्दकोशाच्या कचेरीत मला पाच महिने झाले. सहाव्यात कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आमचे मुख्य संपादक ठरवणार होते, तेही मी लिहिलेल्या 'दोरी' या एका नोंदीवरून. मी जीव ओतून लिहिली. पडद्याची दोरी, भोवऱ्याची, कपडे वाळत घालायची, झालंच तर आयुष्याची (बळकट असते ती). सुतळी, लेस, नाडी यांनाही तिच्याच पोटात घातलं. सरांनी तांबड्या पेनाने ते पोटच कापलं. नाडी ती नाडी आणि सुतळी ती सुतळी. तिला दोरी म्हणणारा एक माणूस मला दाखवा, म्हणाले. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

परवा दुपारी सर वरच्या मजल्यावर जुने कागद बघायला गेले. वाऱ्याने दार धाडकन लागलं आणि उघडायला गेले तर आतली मूठच हातात आली. खिडकीतून त्यांनी अशी बोंब ठोकली की आम्ही सगळे अंगणात. स्क्रूड्रायव्हर हवा होता. मी नेम धरून फेकला, तो शेजारच्या छपरावर गेला. दुसरा आणला, पण तो कुणी माझ्या हातात देईना. मग सर आत गडप झाले आणि थोड्या वेळाने खिडकीतून एक लांबलचक प्रकरण खाली उतरलं: गठ्ठ्यांची सुतळी, तिला बुटांच्या दोन लेस आणि तरी पुरेना म्हणून शेवटी पायजम्याची पांढरी नाडी. (एका हाताने पायजमा धरून गाठी मारायच्या म्हणजे खायचं काम नाही. माणूस मोठाच.)

"दोरी सोडलीय, धर!" सर ओरडले.

मावशी, मी हाताची घडी घातली.

"दोरी कुठाय, सर? मला तर सुतळी, लेस आणि नाडी दिसतेय."

सरांनी वरून ते प्रकरण दोनदा हलवून दाखवलं. मग आवाज आला, "अगं बाई, दोरीच आहे ती! सगळी दोरीच! बांध लवकर!"

आता मात्र स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात मिळाला. बांधला. पंधरा मिनिटांत बिजागऱ्या खोलून सर खाली आले, जीव नव्हे, पायजमा मुठीत धरून. तसेच माझ्या टेबलाशी आले, नोंदीवर तांबड्या पेनाने 'जशीच्या तशी घ्यावी' असं लिहिलं, सही केली आणि मगच दोरीतली नाडी सोडवायला घेतली.

तुझी,
विजयी भाची

ता. क. त्या दिवशी रजेवर असलेला शिपाई आज आला. सगळं ऐकून वर जाऊन आला आणि हळूच म्हणाला, "ताई, बाहेरची मूठ शाबूत आहे की. कुणी नुसतं वर जाऊन फिरवली असती..."

ता. क. दुसरा. त्याला चहा पाजून गप्प केलंय. कायम झाल्याचं पत्र सोमवारी हातात पडेल. काका आणि सर जुने दोस्त, रोज फोनवर असतात. म्हणून सोमवारपर्यंत हे पत्र काकांपासून लपव. नाहीच जमलं तर निदान वरचा ता. क. फाड. आणि हो, हाही.