गंगापूजनाचं आवतन

काऊन रे चंद्रभान, मी अजून पुण्यातून हालली नाई आन तू अख्ख्या पवनारले गंगापूजनाच्या जेवणाचं आवतन देऊन मोकळा झाला? आधी गंगेत न्हावं, मंग गाव जेवू घालावं, येवढंई समजत नाई?

तुले मायचा आशीर्वाद. गुडघा सोडून मी खुशाल आहो. वांग्याले पाणी देऊन राह्यला ना?

मले घेऊन जानारी तुही पोरगी खुशी म्हणते, ऋषिकेशले सकाळी आरती, दुपारी रबरी नावेतून उसळत्या पाण्यात जाचं. "आजी, हेल्मेट देतात." म्हटलं, डोकं वाचन, लुगड्याचं काय?

मी त जाणंच रद्द करून राह्यलती. आता माघार घेतली त गाव म्हणन, म्हातारी भ्याली. म्हणून बसीन नावेत.

उत्तर गोपिकासूनबाईनंच लिहाचं, पेटीत टाकालेई तिनंच जाचं. तू गेला त पोस्टमास्तरलेई जेवाले सांगून येशील.