दाराखालची चार बोटं

ता. १२ डिसेंबर १९६१, मंगळवार
हे मलकापूरले कापसाच्या जिनात कामाले गेले, त्याले आठ दिस झाले. कापूस सरल्याबिगर येनार नाईत. मधात एखाद्या ऐतवारी आले तं आले. मळ्यातल्या घरात मी अन् छबी. छबी आता रांगते. दार म्हंजे तुराट्याचं तट्टं, तारेनं बांधेल.
आज देऊळघाटच्या बाजारात मेथी घेऊन बसली तं बाया सांगून राह्यल्या, लोनार गावाकडं मेलेले उठून राह्यले म्हने. बोलत नाईत, वळखत नाईत, नुसतं दार ढकलतात. त्यायले 'उठेल' म्हनतात. कोनं पाह्यले इचारलं तं कोनीच नाई. एकीच्या नंदेच्या जावंनं. तरी घरी येता येता छबीले इतकं घट्ट धरलं का ते रडली.

ता. १३
तट्टं लावलं अन् बाहीरून ढकलून पाह्यलं. एका ढकल्यात तार सुटली. मी तं जिती हाय, अन् तवा भाकर बी खाल्ली नोती.

ता. १४
गावात भाजी देता देता सगळ्यायचे दारं पाह्यले. इतक्या डाव गेली त्या घरायत, दार कधी पाह्यलंच नोतं. पाटलाचं सागाचं, खिळे एवढाले, पन कडी बारीक. कोन्या दाराची बिजागरीच बाहीर, ते काढली का दार हातात. मास्तरायच्या दाराच्या दोन फळ्यायतून उजेड दिसते. डोळा लावला तं आतून मास्तरीन बाई, "काय पाहून राह्यली वं?"
म्हनलं, वांगे पाह्यजेत का.

ता. १६
गनपत मिस्तरीकडं गेली. त्याच्याजवळ बाभळीचं जुनं दार हाय, कोनाच्या तरी गुराच्या कोठ्याचं. दोन मानसं लागतात उचलाले.
"बैलानं शिंग मारलं तरी हाललं नाई हे. तुह्या उठेलाले शिंगं हायेत का बाई?"
मी इचारलं, आत उघडाव का बाहीर? सगळ्यायचे तं आत उघडतात. तो बिडी इझवून इचारात पडला. म्हने, "ढकलनाराच येनार असन तं बाहीर उघडनारं चांगलं. ढकलू ढकलू चौकटीत अजून घट्ट बसन."
"अन् त्यानं वढलं तं?"
"मेलेल्याले वढाची अक्कल असती तं मेला असता काय?"
यायले मलकापूरले कारड टाकलं. मोठं कुलूप पाठवा. कोनाच्या हातानं का होईना.

ता. १८
बाजूच्या मळ्यातली गोदामाय सरपन घेऊन आली. म्हातारी एकटीच राह्यते, तिच्या घराले तं तट्टं बी धड नाई, अन् मलेच हासते.
"अवं, उठते तो पुरेल मानूस. जाळेल कायले उठन, राखंले का पाय असतात? आपल्यात कोन पुरते? नीज बिनघोर."
मले लई हलकं वाटलं. भाकर टाकली तव्यावर.
भाकर उलटवताना ध्यानात आलं. आपल्यात लेकरं पुरतात.
सोन्या. दोन वर्सं झाले. नाल्याच्या काठी, यायनंच खड्डा केला. नुकता रांगाले लागला होता.
भाकर जळून गेली.

ता. १९
बाजाराले गेली नाई.
एकच घोर हाय. तो वाढला असन का? जिता असता तं तीन वर्साचा झाला असता, पळाले लागला असता. का तसाच रांगत येईन? रांगत आला तं नाल्यापासून आपल्या दारापरेंत लई येळ लागन त्याले. काटे हायेत वाटंनं.
उठेल वळखत नाईत म्हनतात. मायले बी नाई?
कोनाले इचारू. यायले लिहाव म्हनलं. नाई लिहिलं. छबीले इजा करन का तो? त्यानं तं तिले पाह्यलंच नाई.

ता. २३
दार बसलं. बाहीर उघडनारं. गोदामाय पाहाले आली, "बाई बाई! घराले उलटं लुगडं नेसवलं वं पोरीनं."
आतून लावाची आगळ राह्यली. लाकूड वाळलं का बसवतो म्हने मिस्तरी.
यायचं कुलूप बी आलं, बैलबंडीवाल्याच्या हाती. नारळाएवढं हाय. एकच किल्ली. लावून पाह्यलं, काढलं, परत लावलं. मंग समजलं का कुलूप बाहीरून लागते अन् मी तं आत रायनार. कारड लिहिताना हे सुचलंच नाई.
गोदामाय हासू हासू खाली बसली. "मंग तुले मी कोंडत जाऊ काय?"
मी म्हनलं, हाव. एक डाव कोंडूनच पाय.

ता. २६, मंगळवार
आज कोंडलं. गोदामाय बाजाराले चालली होती, जाता जाता कुलूप लावलं अन् म्हने, "घडीभर बस अन् हाक मार, काढते." हाक मारली, पन ते भुलून गेली अन् कमरंले किल्ली लावून बाजाराले गेली.
कोंडल्यावर कसं वाटते, ते लिहाचं होतं म्हून लिहिते. पहिलं बरं वाटते. मंग कान मोठे होतात. मोटंचा आवाज, कावळे, कोनाची तरी बंडी. दाराखाली चार बोटं फट हाय, तिच्यातून उनाची पट्टी घरात येते.
दुपारी त्या पट्टीत सावली आली. लहान, जमिनीलगत. मंग खरवडल्यासारखं. थांबे, परत खरवडे. दाराच्या पार खाली.
छबी रांगत गेली अन् फटीत हात घातला. मी तिले वढाव, तं वढलं नाई. माह्या तोंडातून निंघालं, "थांब राजा, किल्ली गोदामायजवळ हाय."
भेव वाटाले पाह्यजे होतं. नाई वाटलं. मंग त्याचंच भेव वाटलं.
सावली गेली. गोदामाय तिसऱ्या पहारी आली, कपाळावर हात मारत. सांगतलं तिले. म्हने, "बकरी असन वं. हे पाय लेंड्या." लेंड्या होत्या. आजच्या का कालच्या, वाकून पाह्यलं. नाई समजलं.

ता. २७
फटीतून इचू आला. काळा. छबीच्या गोधडीपासून हातभर. वरवंट्यानं मारला. नांगी नंतर बी हालत होती.

ता. २८
मिस्तरी आला. आगळ बसवली, दाराच्या कड्यायतून ववून, दोनी भितीत भोकं पाडून. मी आतून लावली, तो बाहीरून वढू वढू दमला. मंग फटीसाठी लाकडाची पट्टी कापली, बराबर मापाची.
"ठोकू?"
"राहू द्या मिस्तरीभाऊ. मी ठोकते."
"मंघाशी तं इचवाच्या नावानं रडत होती." चार खिळे देल्ले अन् गेला.

ता. ३०
पट्टी भितीले उभी हाय. दिवस बुडला का फटीत पोतं कोंबते, सकाळी काढते. पन छबी खेळते तं दिवसाच, तिथंच. आज दिवसभर तिच्या मांगंमांगं फिरली. वांग्यायले पानी देल्लं नाई.

ता. ३१, ऐतवार
हे आले. बाहीरून ढकलत राह्यले, ढकलत राह्यले. आतून म्हनलं, वढा. मंग दार उघडलं.
"कोनाच्या कोठ्याचं दार आनलं वं?" अन् हासले. म्हने मलकापूरले कोनी उठेलाचं नाव बी घेत नाई आता. आठ दिस बोलले अन् इसरले.
मंग पट्टी पाह्यली. "हे काऊन नाई ठोकली? छबी खालीच असते."
"खिळे नाईत."
उकिडवे बसले दारापाशी. फटीत हात घालून पाह्यला. "चार बोटं," म्हनले. हात लई येळ तिथंच ठेवला. नाल्याकडं तोंड होतं.
खिळे मिठाच्या मडक्यात हायेत, मडकं यायच्यासमोर उघडलं नाई. जेवाले वाढलं, तं भाजी पार अळनी झाली होती. सगळी खाल्ली यायनं. मीठ नाई मांगलं.