नव्या तांदळाची पेज

मंगळ., ४ नोव्हें.
सासूबाई पाम गावी, लेकीकडे. रूथला ताप. पेज मागत होती, जुना तांदूळ संपलेला. गिरणीतून आलेला नवा होता, त्याचीच केली. पोर वाटीभर प्यायली तेव्हा आठवलं, नव्या धान्याची पूजा व्हायची आहे. देवाला दाखवल्याशिवाय सासूबाई दाणा तोंडात घालत नाहीत. आम्ही नवराबायको येशूच्या विश्वासात आलो, त्या नाही आल्या. आजवर निभलं.

बुध. ५
सासूबाई आल्या. पातेलं बघून ओळखलं. ओरडल्या नाहीत, रूथच्या उशाशी जाऊन बसल्या. "पोरीला आदी दिलीस? देवाच्या आदी?" ताप वाढलेला. मी म्हटलं, मलेरिया असेल, दवाखान्यात नेते. बोलायला बोलले, मग ते पातेलं दोनदा घासलं. हे बोईसरला, कंपनीत डबल ड्यूटी. फोनवर म्हणे, "डॉक्टरला दाखव, प्रार्थना कर." सांगायला काय जातं!

गुरु. ६
मलेरियाच. गोळ्या चालू. ताप हटत नाही. प्रार्थनेला बसते, शब्द येत नाहीत. ही शिक्षाच आहे असं वाटतं. कुणाची, ते कळत नाही. चर्चचे पाळकसाहेब शिकवतात, आता जुनं नियमशास्त्र नाही, देवाची कृपा. मी मान डोलावते. मग मंडळीतल्या एका ताईने माहेरच्या पूजेतला नारळ खाल्ला, तर तिला प्रभुभोजनाची भाकर घेऊ दिली नाही, ते काय होतं? (हे खोडू का. राहू दे.)

शुक्र. ७
आज केलं. सासूबाईंनी भगताकडून मंतरलेला दोरा आणला. "तू नको बांदू. फकस्त पोरीचा हात धर." धरला. केवढा गरम हात. त्याच वेळी मनात येशूचं नाव घेत होते. अशा बाईचं कोण ऐकणार?

शनि. ८
ताप उतरला. सासूबाईंनी नव्याची पूजा उरकली, यांनी फोनवर हालेलुया म्हटलं, डॉक्टर म्हणाले गोळ्या पुऱ्या करा. मला मात्र कालपेक्षा जास्त भीती वाटते. उद्या प्रभुभोजन. कात्री घेऊन बसले. रूथ म्हणाली, "आजीने बांधलाय, नको ना." लांब बाह्यांचा फ्रॉक काढून ठेवला.

रवि. ९
एवढ्या उकाड्यात लांब बाह्या! पाळकसाहेब भाकर घेऊन आमच्या रांगेशी आले आणि रूथने बाही वर सारली. त्यांनी दोरा पाहिला. मग मला पाहिलं. ताटली मागे नेली नाही, पुढेही केली नाही. उठून जावंसं वाटलं, पण उठले नाही. मीच हात पुढे केला. तुकडा घेतला, खाल्ला. रडू आलं. आनंदाचं नव्हतं.
बाहेर पा.सा. एवढंच म्हणाले, "बुधवारी मासवणला येतो, तुमच्या घरी."

तेव्हापासून डोकं चालत नाही. सासूबाईंना सांगितलं. त्या खूश. "येऊ दे की! नव्याचा भात घालू त्यांना. आता देवाला दाखवून झालाय, भ्यायचं काय?"

पूजेतला तो भात मीच वाढायचा आहे.