आजी काही बोलली नाही, या वाक्याच्या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक विभाग

विषय : इयत्ता दुसरीच्या गृहपाठावरील ‘अपूर्ण’ हा शेरा बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : वर्गशिक्षिकांची समक्ष भेट, दि. १४ जुलै.

महोदय,

दि. ११ जुलै रोजी सायंकाळी साडेसहा वाजता अर्जदाराची नात पाच ओळी आखून आजीच्या पलंगापाशी बसली. घरातील वडीलधाऱ्यांशी रोज दहा मिनिटे बोलावे व त्यांचे म्हणणे पाच वाक्यांत लिहावे, असा गृहपाठ होता. हेतूबद्दल तक्रार नाही. परंतु आजीची, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीची, वाचा मार्चमध्ये पक्षाघाताने गेली आहे. अर्जदाराने स्वतःचे नाव सुचवले असता, “तुम्ही तर बोलतच असता, आजोबा. मी आजीचंच लिहिणार,” असे उत्तर मिळाले.

१. नातीने दहा मिनिटे वाट पाहिली. आजीने नेहमीप्रमाणे डाव्या हातात तिचे बोट धरून ठेवले होते. नातीने लिहिले : ‘आजी काही बोलली नाही.’ शेरा आला : अपूर्ण.

२. अर्जदाराने तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर हयातभर कारखान्यात दाबमापके तपासली. काटा शून्यावर असेल तर तपासनीस शून्य लिहितो. त्याचे काम अपुरे राहिले असे कोणी म्हणत नाही. हे वर्गशिक्षिकांना सांगितले. त्या म्हणाल्या, “काका, पाच वाक्यं सगळ्यांनाच आहेत. आजींना जमत नसेल तर तिनं मनानं लिहावं की!”

३. तेव्हापासून नात मनाने लिहिते. आजी म्हणाली, लवकर नीज. आजी म्हणाली, दूध सांडू नकोस. रोज पाच वाक्ये, रोज एक तारा. इतके सपक आजी उभ्या आयुष्यात कधी बोललेली नाही. हे लेखन नात बाहेरच्या खोलीत बसून चुटकीसरशी उरकते. आजीजवळ जाऊन बस, असे सांगितले असता म्हणाली, “कशाला? माझं झालंय की लिहून.”

४. साडेसहाच्या सुमारास पत्नीचा डावा हात चादरीवरून सरकत पलंगाच्या कडेपर्यंत येतो. अर्जदार आपले बोट पुढे करतो. ती क्षणभर चाचपते आणि सोडून देते.

सबब, दि. ११ जुलैच्या त्या एका वाक्यापुढे ‘पूर्ण’ असा शेरा वर्गशिक्षिकांच्याच अक्षरात मिळावा. घरच्यांचा शेरा नात मानत नाही. त्याबदल्यात सर्व तारे परत घेतल्यास अर्जदाराची हरकत नाही.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
अर्जदार (आजोबा)
निवृत्त दाबमापक तपासनीस
दि. २ ऑगस्ट

सोबत : दि. ११ जुलैच्या पानाची छायाप्रत.

ता. क. चालू आठवड्यात मिळालेले तारे : सहा. नात आजीपाशी बसली : शून्य मिनिटे.