एकच नळी

३ मार्च

तीस सेकंद खारट पाणी तोंडात खळखळवलं आणि बाटलीत थुंकले. वर्गातल्या एकेचाळीस जणांनी रांग लावून हेच केलं! आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टर बेनेगासना तरुण मुलांच्या तोंडातला एचपीव्ही शोधायचाय – शरीरसंबंधांतून पसरणारा विषाणू, वर्षानुवर्षं राहिला तर कधीकधी घशाचा कर्करोग करणारा. सोबत प्रश्नांचा कागद. सिगारेट ओढता का, किती जणांचं खोलवर चुंबन घेतलंत, मुखमैथुन केलंत का, किती जणांशी, लस घेतली का. रोसीओ हाताआड कागद झाकून लिहीत होती. परीक्षेत कधी झाकत नाही ती.

मी खरं ते लिहिलं. चार जण. सिगारेट – हो, शनिवारी. लस नाही, ती आमच्यानंतरच्या मुलींना मिळाली. दातांची डॉक्टर व्हायचंय मला. स्वतःच्याच तोंडाची लाज धरून कसं चालेल?

२१ मार्च

नमुना क्रमांक सोळा. आहे म्हणे.

डॉक्टरांनी केबिनचं दार लावून सांगितलं. "घाबरू नकोस, यानिना. बहुतेकांचं शरीरच त्याला वर्ष-दोन वर्षांत हाकलून देतं. सिगारेट सोड. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू." कुणाकडून आला ते सांगता येत नाही, कदाचित कितीतरी आधीचा असेल, असंही म्हणाले. बाहेर येऊन देर्लिसला फोन केला. दीड वर्ष आम्ही एकत्र आहोत. त्याचं पहिलं वाक्य – "माझ्याकडून नाही हं." दुसरं ऐकायला मी थांबले नाही.

२२ मार्च

मीच सांगून टाकलं. पाठीमागे कुजबुज नको.

दुपारी कॉलेजच्या अंगणात तेरेरे, म्हणजे पाल्याचं गार पेय, चाललं होतं. शिंगाचा एकच पेला, एकच नळी, बर्फाचं पाणी, आम्ही आठ जण. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, माझ्या तोंडात एचपीव्ही निघालाय. पेल्यातून पसरतो असं काही सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मी प्यायले, पेला परत दिला. रोसीओनं भरून पुढच्याच्या हातात ठेवला. तो म्हणाला, "ग्रासियास." गप्पांत ग्रासियास म्हणजे आभार, पण तेरेरेला बसल्यावर त्याचा अर्थ – माझं झालं, आता मला देऊ नका. त्याच्या पुढचीही म्हणाली, ग्रासियास. तिच्या पुढचाही. सहा जणांची तहान एकदम भागली. अडतीस अंश उन्हात! आणि हे सगळे उद्या लोकांच्या तोंडात हात घालणार.

२३ मार्च

आईला सांगितलं. ती टपरीवर होती, खलबत्त्यात पाला कुटत. पोटाला हा, रक्तदाबाला तो, झोपेला तिसरा. अर्धा बाजार तिच्या हातचा पाला पाण्यात टाकून पितो. तिनं कुटणं थांबवलं नाही.

"कुणाला बोलू नकोस."

"वर्गात बोलले."

"बाजारात नको बोलूस, पोरी. दिग्नाच्या घरात असलं काही आहे कळलं तर माझ्या हातचं कोण घेईल? तोंडात कसं गेलं ते विचारतील."

"विचारू देत की. सांगेन."

"हो, तू सांगशील," आई म्हणाली. मग गिऱ्हाईक आलं. तिनं त्याला हसून पुदिना दिला.

२५ मार्च

सिगारेटचं पाकीट फेकलं. देर्लिसलाही सोडलं, तसं कळवून टाकलं.

२६ मार्च

घरात दोन पेले.

माझा जन्म झाल्यापासून एकच आहे. बाबांच्या वेळचा, कडेला चांदीची पट्टी असलेला. आज संध्याकाळी आईनं तो माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःसाठी पिशवीतून नवाकोरा काढला. नळीसुद्धा नवी. "माझ्यामुळे?" म्हणून विचारलं. "असू दे ना, यानी," म्हणाली आणि लांब, पायरीवर जाऊन बसली.

वर्गातल्यांचं काही वाटलं नव्हतं. हे लागलं. फार लागलं.

२ एप्रिल

चांदीच्या पट्टीचा पेला आणि थर्मास घेऊन कॉलेजला गेले. अंगणाच्या मधोमध बसले. एकटी. स्वतःच ओतलं, स्वतःच प्यायले. जे घरात चालत नाही ते चव्हाट्यावर चालवून दाखवणार आहे मी.

रोसीओ आली. "जरा बाजूला बस ना. सगळे बघतायत."

"म्हणून तर इथे बसलेय."

ती उभीच राहिली. मग टेकली. मग हात पुढे केला. प्यायली आणि म्हणाली, "किती कडू केलंयस गं." बस, एवढंच. रात्री आईला मुद्दाम ऐकवलं – रोसीओ माझ्या नळीनं पिते! आईनं मान हलवली.

१० एप्रिल

आज पुन्हा मधोमध. रोसीओही. दोघी हसत होतो, मोठ्यानं.

१७ एप्रिल

पवित्र आठवड्यातला बुधवार. घरोघरी चिपा, चीज घातलेले छोटे पाव. या वर्षी पीठ मी मळलं, कारण आई थकल्यासारखी दिसत होती. चीज भरपूर घातलं, भट्टीतून काढले तेव्हा छान कडक झाले होते. आईनं एक उचलला, कडेचा तुकडा तोडला आणि दुधात बुडवून ठेवला. तो तसाच राहिला. आता माझ्या हातचं मळलेलंही चालत नाही!

भांडले. म्हटलं, बाजाराला पोटदुखीची औषधं देतेस आणि पोटच्या पोरीला विटाळ मानतेस? उलट बोलेल, ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "जेवून घे तू." पण मी नाही जेवले.

२४ एप्रिल

डॉक्टरांनी वर्गात आकडा सांगितला. एकेचाळीसमध्ये नऊ. नावं नाहीत, कधीच सांगणार नाहीत. जो तो समोरच्या फळ्याकडे बघतोय.

मी उठले. म्हटलं, "सोळा नंबर मी. उरलेल्या आठ जणांनी हात वर करायची काही गरज नाही. दुपारी अंगणात पाणी गार असेल."

दुपारी दोघं आली. मी काही विचारलं नाही. ती नऊमधली आहेत की नाहीत मला ठाऊक नाही आणि मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. चौघांत पेला तीनदा फिरला. आईला हे सांगितलं नाही. सध्या मी तिच्याशी कामापुरतंच बोलते.

३ मे

आम्ही विद्यार्थी जिथे लोकांचे दात तपासतो त्या कॉलेजच्या दवाखान्यात आई रांगेत बसली होती. मला न सांगता. माझ्या खुर्चीत बसली, म्हणाली, "बघ." जिभेच्या मुळाशी उजवीकडे गाठ. मानेतही एक. नाताळपासून गिळताना दुखतंय. स्वतःच पाला कुटून गुळण्या करत होती.

"मला वाटलं, माझं दुखणं पेल्यातून तुला लागलं. म्हणून वेगळा केला."

उद्या मोठ्या इस्पितळात जातोय. टपरीवरची पाटी तिनं स्वतः लिहिली – 'घशात गाठ आहे. दाखवायला गेले आहे. दिग्ना.'