सुजलेल्या गुडघ्याची मुलगी बाहेर बसली

सर, विश्रांतवाडीच्या आपल्या मैदानावर आता मी मुलींना खो-खो शिकवते. शनिवार-रविवार मैदान, बाकीचे दिवस हिंजवडीत संगणकाशी भांडण. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या मुलींना तुमचं नावही माहीत नाही. त्यांच्यापैकी दोघींच्या आया मात्र माझ्याबरोबर तुमच्या हाताखाली खेळल्या आहेत. त्या कडेला उभ्या राहतात आणि मला बरोबर ऐकू जाईल अशा आवाजात एकमेकींना म्हणतात, "सरांच्या वेळी असं नव्हतं." नव्हतंच. तेच तुम्हाला सांगायला बसले आहे.

तुमच्या वेळी सराव संपेपर्यंत पाणी मिळायचं नाही. उन्हाळी शिबिरात एकजण भोवळ येऊन पडली, तर तुम्ही तिच्या तोंडावर पाणी मारलंत, पण प्यायला दिलं नाहीत. पाळी आली की मैदानावर यायचं नाही. वजनं उचलायची नाहीत, मुलींची उंची खुंटते. सर, माझ्या मैदानावर पाण्याच्या बाटल्या सावलीत ठेवलेल्या असतात आणि तहान लागली की मुली पितात. पाळीत जिला खेळावंसं वाटतं ती खेळते, जिला नाही ती बसते, त्याचं कारण कुणाला सांगावं लागत नाही. उडीवरून उतरताना गुडघा आत झुकू द्यायचा नाही, वाकवून भार घ्यायचा, याचा सराव आम्ही प्रत्येक वेळी करतो, कारण त्यानं गुडघ्याच्या दुखापती कमी होतात हे आता नीट तपासलं गेलं आहे. वजनंही उचलतो. उंची कुणाची खुंटलेली नाही. एकजण तर माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली आहे.

माझा गुडघा तुम्हाला आठवत होता की नाही, मला कधी कळलं नाही. मी दहावीत होते. खांबाजवळ हूल देऊन वळताना आतून टक् असा आवाज आला आणि मी खाली बसले. घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. संध्याकाळी तुम्ही हाड बसवणाऱ्याला घेऊन आलात. आई ओट्याशी उभी आहे, मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय पसरून बसले आहे, तो माणूस तेल लावून गुडघा दोन्ही हातांनी पिळतो आहे आणि तुम्ही म्हणताय, "रडायचं नाही. रक्त साकळलंय, दुसरं काही नाही. पळायला लागली की उतरेल." आठवड्याभरात पट्टी गुंडाळून तुम्ही मला सामन्यात उतरवलंत. पहिल्याच वळणावर गुडघा सटकला आणि माझा खेळ संपला. नंतर भेटायला आलात ते दारातूनच बोललात, "मनानं कच्ची निघालीस."

याच स्वयंपाकघरात त्याआधी तुम्ही बाबांसमोर बसून चहा प्यायला होतात. बाबा मला खेळू देत नव्हते. "तिच्या पायात वारं आहे," तुम्ही म्हणालात, "ते भांडी घासण्यात घालवू नका." बाबांनी विचारलं, "उद्या काही झालं तर?" तुम्ही म्हणालात, "जबाबदारी माझी." तो दिवस मी विसरलेली नाही. पण म्हणून पट्टी गुंडाळून उतरवलंत तो दिवस माफ होत नाही.

माझं मन कच्चं नव्हतं, सर. लिगामेंट तुटलं होतं. ते मला कळायला नोकरी लागावी लागली आणि कंपनीच्या जिन्यावर सगळ्यांदेखत कोसळावं लागलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला आणि सांगितलं की असा आवाज येऊन तासा-दोन तासांत गुडघा फुगला, तर बहुतेक वेळा आत काहीतरी फाटलेलंच असतं. शस्त्रक्रिया झाली, मग जवळजवळ वर्षभर व्यायाम. फिजिओथेरपिस्ट बाई रोज विचारायच्या, "दुखतंय का?" आणि मी जे सांगेन ते खरं मानायच्या. मला पहिले काही दिवस संशयच यायचा की ही परीक्षा असावी.

गेल्या महिन्यात हडपसरला आमचा अंतिम सामना होता. सकाळच्या उपांत्य सामन्यात माझी सगळ्यात चांगली मुलगी वळता वळता थबकली. दुपारी जेवायला बसलो तेव्हा तिचा गुडघा सुजला होता. ती म्हणाली, "मॅडम, पट्टी बांधा ना. खरंच दुखत नाहीये." तिची आई, तुमच्याच हाताखालची, मला बाजूला घेऊन म्हणाली, "एकच मॅच उरलीये गं. सरांनी उतरवलं असतं तिला."

"म्हणूनच मी उतरवत नाही," मी म्हटलं.

"स्वतःचा गुडघा गेला त्याचा राग माझ्या पोरीवर काढतेस?"

"राग काढतेय असंच समज. पण तिला आत्ता दवाखान्यात ने."

मुलगी जाताना माझ्याकडे बघतही नव्हती. आम्ही एका गुणानं हरलो. परतताना बसमध्ये एकही मुलगी माझ्या शेजारी बसली नाही. दोन दिवसांनी कळलं, लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, खेळली असती तर उरलेलंही जाऊ शकलं असतं. तिची आई अजून माझ्याशी बोलत नाही. मुलगी मात्र येते, कडेच्या बाकावर चेहरा वाकडा करून पायाचे व्यायाम करते आणि इतर मुलींच्या चुका मोठ्यानं काढते. पुढच्या वर्षी ती खेळेल. आणि पुन्हा सुजला गुडघा, तर पुन्हा बाहेर बसेल. मैदानाच्या कडेनं कुणीही काहीही म्हणो.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक लिहिते, जे मैदानावर कुणाला सांगणार नाही. त्या दुपारी ती एका पायावर जरी उतरली असती, तरी शेवटच्या डावात समोरच्या संघाला दमवून सोडलं असतं. आपण जिंकलो असतो. ते मला बसल्या जागी स्पष्ट दिसत होतं, आणि सर, मला तिला उतरवायचं होतं.